हरदौल आणि १८१७ ची पटकी : एका लोकश्रद्धेच्या उदयाची मीमांसा

अलौकिक व्यक्तींवर लोक विश्वास का ठेवतात, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा मानवशास्त्राचा मानला जातो. अज्ञान, भय आणि परंपरा ही तीन कारणे सांगितली की त्याचे उत्तर पूर्ण झाले, असाही समज रूढ आहे. परंतु ही कारणे सर्व काळी व सर्व स्थळी कमीअधिक प्रमाणात उपस्थित असतातच. अमुक एक दैवत अमुक काळी, अमुक प्रदेशातच का उदयास आले, याचा उलगडा त्यांवरून होत नाही. तो करणे हे इतिहासाचे कार्य आहे. त्या दृष्टीने बुंदेलखंडातील हरदौल या लोकदैवताचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. दैवतपद पावण्यापूर्वीचा मनुष्य आणि त्या दैवतपदाला नवे वळण देणारी घटना, या दोहोंचा काळ येथे सांगता येतो.

हरदौल हा ओर्छ्याचा बुंदेला राजा वीरसिंह देव याचा पुत्र. १६०२ मध्ये अबुल फज्लचा वध करविणारा आणि पुढे जहांगीराच्या कृपेने ओर्छ्याच्या गादीवर आलेला हाच तो वीरसिंह. १६२७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जुझारसिंह राजा झाला. शाहजहानाविरुद्ध त्याने दोन वेळा बंड केले. १६३५ च्या मोहिमेत ओर्छा त्याच्या हातून गेले आणि तो स्वतः मारला गेला. परंपरा सांगते की, आपली राणी आणि धाकटा भाऊ हरदौल यांच्या संबंधाविषयी जुझारसिंहाला संशय आला व निर्दोषित्वाचा पुरावा म्हणून राणीने स्वहस्ते दिराला विष घालावे, अशी त्याने आज्ञा केली. हरदौलाने भावजयीची अब्रू राखण्यासाठी ते अन्न जाणूनबुजून सेवन केले.

कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. हरदौलाची बहीण कुंजावती हिच्या मुलीचे लग्न निघाले. बुंदेलखंडात अशा प्रसंगी मामाने ‘भात’ नावाचा आहेर न्यावयाचा असतो. जुझारसिंहाने बहिणीला झिडकारले, तेव्हा तिने मृत भावाच्या समाधीपाशी जाऊन आक्रोश केला. आणि हरदौलाने अदृश्य रूपाने भात पोहोचविला. या कथेमुळे लग्नाचे पहिले निमंत्रण हरदौलाला देण्याची चाल त्या प्रदेशात रूढ झाली. येथे हरदौल हा रोगनिवारक देव नाही. तो कर्तव्य न विसरणारा भाऊ आहे. जिवंत भावाने मोडलेले नाते मृत भावाने सांभाळले, हा त्या श्रद्धेचा गाभा होय.

या घरगुती श्रद्धेला १८१७ मध्ये वेगळे रूप आले. त्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पेंढाऱ्यांविरुद्ध प्रचंड सैन्य जमविले. ज्या नोव्हेंबरात ५ तारखेला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात बुंदेलखंडातील त्याच्या छावणीत पटकीची साथ फुटली. शिपाई आणि त्यांहून कितीतरी अधिक संख्येने बाजारबुणगे मृत्युमुखी पडले. छावणी हलवून बेतवा नदीकाठी नेल्यावर साथ ओसरली. हा रोग अगदीच अपरिचित नव्हता. गार्सिया द ओर्ताने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे आणि मराठीत व कोंकणीत ‘मोडशी’ हा शब्दही जुना आहे. मात्र प्रांतामागून प्रांत व्यापणारे त्याचे उग्र रूप लोकांना नवे होते.

विल्यम स्लीमनने आपल्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या साथीविषयीची स्थानिक उपपत्ती नोंदविली आहे. ज्या वनराईत हरदौलाची रक्षा होती, तेथे गोऱ्या शिपायांनी भोजनासाठी गोवध केला. त्या अपवित्रतेमुळे हरदौलाचा कोप होऊन महामारी उद्भवली, असे लोक मानीत. साथीच्या पाठोपाठ हरदौलाचे चौथरेही बुंदेलखंडाबाहेर दूरवरच्या गावांतून उभे राहू लागले. दोन शतकांपूर्वी विषाने मेलेला राजपुत्र अशा रीतीने पटकीचा अधिपती झाला.

या उपपत्तीस केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारण्यापूर्वी तत्कालीन सुशिक्षितांचे मत काय होते, ते पाहणे उचित होय. कंपनीच्या वैद्यकीय मंडळासाठी जेम्स जेमिसनने १८२० मध्ये तयार केलेल्या अहवालात साथीचे मूळ दूषित हवामानात शोधले आहे. पाण्यातून होणाऱ्या प्रसाराचा जॉन स्नोचा प्रसिद्ध पुरावा १८५४ चा आणि रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात केलेले जंतुविषयक संशोधन १८८४ चे. अर्थात १८१७ मध्ये ग्रामस्थ आणि शल्यवैद्य दोघेही एका अदृश्य कारणाचा आश्रय करीत होते. फरक एवढाच की, हवेला हेतू नसतो आणि हरदौलाला होता. हेतू असलेल्या शक्तीशी बोलता येते, तिची क्षमा मागता येते; हवेची मागता येत नाही.

लोकदैवतांच्या उत्पत्तीविषयी पूर्वसूरींनी मांडलेल्या दोन विचारांची येथे परीक्षा होते. वऱ्हाडात अधिकारी म्हणून राहिलेल्या आल्फ्रेड लायलने तेथील धर्माचारांच्या निरीक्षणावरून असे दाखविले की, असाधारण किंवा अकाली मृत्यू आलेला मनुष्य लोकांच्या पूजेचा विषय होतो आणि कालांतराने देवमंडळात प्रवेश करतो. मालिनोव्स्कीने ट्रोब्रियंड बेटांतील कोळ्यांच्या उदाहरणावरून प्रतिपादिले की, शांत खाडीतील मासेमारीला मंत्रतंत्र लागत नाहीत. ते खुल्या समुद्रावर, जेथे धोका व अनिश्चितता असते, तेथे लागतात. पहिल्या विचाराने हरदौलाची पूजा का सुरू झाली हे कळते. दुसऱ्याने १८१७ मध्ये दैवताची गरज का भासली हे कळते. परंतु ती गरज हरदौलानेच का भागविली, हे दोहोंपैकी कोणीच सांगत नाही.

महाराष्ट्रातील मरीआईशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. पटकीच्या दिवसांत मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल येथे होती. मरीआईला चरित्र नाही. ती स्वतःच रोग आहे. म्हणून तिला शांत करून सीमेपलीकडे धाडणे हाच उपाय. हरदौलाला मात्र चरित्र आहे, आणि ते अन्यायाचे आहे. बलवंताने निरपराध्याचा घात केला, ही त्याची कथा. परकीय सैन्य गावाच्या शिवारात उतरून वनराईची मर्यादा मोडते तेव्हा ती कथा पुन्हा अर्थपूर्ण होते. लोकांनी नवा देव कल्पिला नाही. हाताशी असलेल्या स्मृतीतून नव्या आपत्तीला अनुरूप असा अर्थ त्यांनी निवडला.

या निवडीत एक लक्षणीय सत्यांश आहे. पुढील संशोधनाने असे दाखविले की, १८१७-१८ मधील सैन्यांच्या हालचालींनी साथीच्या प्रसारास मोठा हातभार लावला. १८१८ मध्ये ती दख्खन व मुंबईपर्यंत पोहोचली. रोगाचे शारीरिक कारण ओळखण्यात लोकश्रद्धा चुकली. परंतु संकट छावणीबरोबर आले, हे तिने अचूक हेरले. सरकारी अहवाल हवेकडे बोट दाखवीत असता ग्रामस्थ सैन्याकडे बोट दाखवीत होते. ज्यांनी आपल्या हाताने काहीच लिहून ठेवले नाही, अशा लोकांची १८१७ विषयीची साक्ष या श्रद्धेत जतन झाली आहे. तिला भ्रम म्हणून टाकून देणारा इतिहासकार एक साधन गमावतो.

याचा अर्थ श्रद्धेचे समर्थन करावे असा नव्हे. चौथरे बांधल्याने विहिरींचे पाणी शुद्ध झाले नाही, आणि पटकीचे पुढील हल्ले हरदौलाच्या पूजेने थांबले नाहीत. पटकीची दहशत ओसरली ती शुद्ध पाणी व औषधोपचार यांमुळे. मात्र तिच्याबरोबर हरदौल नाहीसा झाला नाही. बुंदेलखंडात लग्नाचे निमंत्रण आजही त्याला जाते. रोगाचा अधिपती हे त्याचे रूप प्रसंगाने आले आणि प्रसंगाबरोबर फिकट झाले; बहिणीच्या दारी भात घेऊन येणारा भाऊ मात्र टिकला. अलौकिक व्यक्तीवरील विश्वास ज्ञानाच्या ज्या उणिवेतून जन्मतो ती भरून निघते. न्यायाच्या आणि नात्याच्या ज्या उणिवेतून तो जन्मतो ती सहसा भरून निघत नाही. हरदौलाच्या श्रद्धेचे दीर्घायुष्य या दुसऱ्या उणिवेत शोधले पाहिजे.