हाड भरलं, पण मोडायचं थांबलं का?

1940च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर अल्ब्राइट यांनी मणके ठिसूळ झालेल्या, पासष्टीच्या आतल्या 42 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या 40 जणी रजोनिवृत्त स्त्रिया होत्या. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झिजतात, असं अल्ब्राइट यांनी मांडलं. मग इस्ट्रोजेन हेच औषध ठरलं आणि अनेक दशकं वापरात राहिलं.

फ्लोराइडकडूनही मोठी आशा होती. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 202 स्त्रियांवर त्याची चार वर्षं चाचणी घेतली. निम्म्या जणींना रोज 75 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी, कॅल्शियम सगळ्यांनाच. 1990 मध्ये निष्कर्ष आले. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 35 टक्क्यांनी वाढली होती. तरीही मणके खचणं फारसं कमी झालं नाही आणि इतर हाडं तर जास्तच मोडली. नवं हाड दाट होतं, पण कमकुवत होतं.

तेव्हापासून खरी कसोटी एकच उरली: किती हाडं मोडायची वाचली?

या कसोटीला बिस्फॉस्फोनेट गट उतरला. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांनी 1960च्या दशकात त्याचा पाया घातला. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतात. आधीच मणका खचलेल्या 2,027 स्त्रियांच्या चाचणीत या गटातल्या अलेंड्रोनेटमुळे खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. हे 1996 मध्ये जाहीर झालं. रॅलॉक्सिफेन या दुसऱ्या औषधानं मणके वाचवले, खुबा नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी खुबा वाचत होता. पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढल्यानं अमेरिकेतली मोठी चाचणी 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

औषधाशी औषधाची थेट तुलना मात्र उशिरा झाली. हाड घडवणारं रोमोसोझुमॅब वर्षभर देऊन नंतर अलेंड्रोनेट दिलं, तर केवळ अलेंड्रोनेटपेक्षा मणक्यांचे नवे अस्थिभंग दोन वर्षांत 48 टक्क्यांनी कमी होतात, हे 2017 मध्ये दिसलं. त्याच चाचणीत हृदयविकाराच्या गंभीर घटना मात्र अधिक आढळल्या. 2018 मध्ये हाड घडवणारं टेरिपॅराटाइड रिसेड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटसमोर उभं राहिलं: दोन वर्षांत मणके नव्यानं खचलेल्या स्त्रिया टेरिपॅराटाइड गटात 5.4 टक्के, रिसेड्रोनेट गटात 12 टक्के.

म्हणून बहुतेकींसाठी आजही सुरुवात बिस्फॉस्फोनेटनं होते, धोका फार मोठा असेल तर आधी हाड घडवणारं औषध दिलं जातं. हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर ते परस्पर बंद करू नका. ते अचानक थांबवल्यावर मणके खचू शकतात. आणि घनतेचा आकडा पाहून समाधान मानण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: या औषधानं माझा मणका आणि खुबा मोडण्याचा धोका किती कमी होईल?