खानावळीतली तारामती

मालक बाहेर जातो, खानावळीची किल्ली नोकराच्या हाती पडते आणि मग जी धांदल उडते, तिच्यावर मुलांचे कितीतरी कार्टूनपट बेतलेले असतात. युक्ती जुनीच. सर्व्हान्टेसच्या 'डॉन किहोते'मध्ये सरदार मंडळी थट्टेखातर सांचो पान्झाला एका 'बेटा'चा कारभार देतात. सांचो निवाडे मात्र शहाणपणाने करतो, हे हसण्याच्या भरात आपण विसरतो. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात अण्णा साळुंके यांच्याबाबतीत असेच काहीसे झाले आहे.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. कुलीन घरांतल्या स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. वेश्यावस्तीतही नकार आला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांवर त्यांची नजर गेली. कुणी त्यांना आचारी म्हणतात, कुणी वाढपी. दहा रुपये पगार सोडून ते पंधरा रुपयांवर आले, असे सांगितले जाते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट झळकला. बहुतेक पुस्तकांत साळुंके येथेच संपतात. बाई मिळाली नाही म्हणून खानावळीतला पोऱ्या उभा केला, एवढाच किस्सा उरतो आणि आपण वर्गातही तो हसत हसत सांगतो. (मीही सांगितला आहे.)

नाइलाजाचे हे स्पष्टीकरण १९१३च्या तारामतीपुरते ठीक आहे; पुढे ते पुरत नाही. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे स्त्री मिळूच शकत नाही, अशी स्थिती आता राहिली नव्हती. तरीही १९१७च्या 'लंकादहन'मध्ये सीता साळुंकेच झाले आणि राम म्हणूनही तेच उभे राहिले. रामायणातील दोन्ही प्रमुख भूमिका एकाच नटाच्या हाती देणे ही काही वेळ मारून नेण्याची तऱ्हा नव्हे. तो विश्वास होता, आणि कमावलेला होता. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातले जोडे काढून ठेवीत, असे सांगतात. ज्याच्यापुढे ते जोडे काढीत, तो चार-पाच वर्षांपूर्वी चहाचे पेले उचलणारा नोकर असावा, हे त्यांतल्या कितीजणांच्या ध्यानी आले असेल?

मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांची परंपरा होती. बालगंधर्वांचे वैभव याच काळातले. त्यांच्या कलेची चर्चा आपण आदराने करतो. साळुंक्यांकडे घराणे नव्हते, गळा नव्हता, मूकपटात तो लागतही नव्हता. म्हणून त्यांची कला आपल्या लेखी योगायोग ठरली. यात जातिवर्गाची आपली सवय किती आणि खरे कलामूल्यमापन किती, हे तपासून पाहायला हवे.

पुढे १९२०च्या दशकात साळुंक्यांचे नाव छायालेखक म्हणूनही आढळते. कॅमेऱ्यापुढे ऐनवेळी उभा केलेला माणूस कॅमेऱ्यामागे स्वतःहून गेला होता.