परक्या शहरातले पान

परगावी उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न निवाऱ्याचा पडतो, असे कथा-कादंबऱ्या वाचून वाटते. प्रत्यक्षात तो जेवणाचा असतो. रात्र फलाटावर निघते, एखाद्या गाववाल्याच्या खोलीत पथारी पसरता येते. पण दोन वेळचे, खिशाला परवडणारे आणि पोटाला न बाधणारे जेवण कोठे मिळेल, हे शहराच्या नकाशावर लिहिलेले नसते. हा प्रश्न आम्हांला अलीकडे पुन्हा सुचला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. परभणीकडचा हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात लागला आणि तेथून काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला, ओसाकाला गेला. परत आल्यावर रहाटणीत आमच्याकडे चहाला आला, तेव्हा आम्ही साहजिकच विचारले, "तिकडे जेवणाचे हाल झाले असतील?"

तो म्हणाला, "नाही सर. हाल इथे झाले होते, पहिल्यांदा आलो तेव्हा."

ओसाकात त्याला भाषा येत नव्हती, लिपी तर नाहीच. पण भोजनगृहाच्या दर्शनी काचेमागे प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली आणि खाली किंमत. बोट दाखवावे, किंवा दारातल्या यंत्रात नाणी टाकून तिकीट घ्यावे. भात, मिसोचे सूप, भाजलेला मासा, थोडे लोणचे असे 'तेइशोकु' नावाचे पूर्ण ताट हजार येनांच्या आत येते. मांसमच्छी न खाणाऱ्याची मात्र तेथे पंचाईतच होते, कारण साध्या दिसणाऱ्या सूपातही माशाचा अर्क असतो. आमचा विद्यार्थी मासे खाणारा, म्हणून निभावले. त्या प्रतिकृती आधी मेणाच्या असत, आता प्लास्टिकच्या असतात. इवासाकी ताकिझो या गृहस्थांनी १९३२ साली ओसाकातच त्यांचा व्यवसाय उभा केला. एका मुक्या काचेने परक्या माणसाची केवढी सोय केली!

पण ही सोय आभाळातून पडलेली नाही. टोकियोचे जुने नाव एदो. १६५७ च्या भीषण आगीत ते शहर बहुतांशी जळाले आणि ते पुन्हा बांधण्यासाठी गावोगावचे कारागीर व मजूर लोटले. एकटे पुरुष, घरी चूल नाही. त्यांच्यासाठी ठेले आणि भातघरे निघाली. आज जगभर प्रसिद्ध असलेले सुशी आणि सोबा त्या ठेल्यांवरच वाढले. पुढे १८९९ साली टोकियोच्या मासळीबाजारातील हमालांना झटपट भात व गोमांस वाढणारे योशिनोया निघाले. आज ती मोठी साखळी आहे. १९१८ साली तांदळाचे भाव भडकून देशभर दंगली उसळल्या, तेव्हा ओसाका आणि टोकियो या शहरांच्या नगरप्रशासनांनी स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे चालवली. थोडक्यात, तेथील स्वस्त ताटाचा जन्म बिनाचुलीच्या मजुराच्या भुकेतून झाला.

आपल्याकडेही भूक तीच होती. ती भागवण्याची वाट मात्र निराळी निघाली, आणि त्या वाटेवर आधी ओळख द्यावी लागे.

पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत असे किंवा 'वार लावून' जेवत असे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आपल्या आत्मचरित्रांत या दिवसांविषयी कृतज्ञतेने लिहिलेले आढळते आणि ती कृतज्ञता खोटी नव्हे. परंतु ज्या जातींना त्या ओसरीवर चढताच येत नव्हते, त्यांना वार कोण देणार? १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले आणि काही दिवसांनी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे आठवले की माधुकरीच्या हृद्य आठवणी आम्हांला पूर्वीसारख्या निर्मळपणे वाचता येत नाहीत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज मुद्दाम तेथे जाऊन चहा घेत असत. एक कप चहा हे राजकीय कृत्य ठरावे, असे ते दिवस होते.

मुंबईच्या गिरणगावात या प्रश्नाला खानावळीचे रूप आले. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. पाळ्या बदलत तशा झोपायच्या जागाही बदलत. त्यांचे जेवण शेजारच्या चाळीतील एखादी बाई रांधी. ती बहुधा स्वतः कामगाराची पत्नी किंवा विधवा. दहा-वीस गडी तिच्याकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे देत. तोवर पीठ-डाळ ती वाण्याकडून उधारीवर आणी, प्रसंगी सावकाराचे व्याज भरी. येथेही ओळख लागेच. रत्नागिरीकराची खानावळ वेगळी, सातारकराची वेगळी. चव, बोली आणि जात एकाच पंक्तीला बसत. तरीही हॉटेलात कधी न मिळणारी एक गोष्ट येथे होती, ती म्हणजे उधारी. पैसे नसलेल्या दिवशीही ताट वाढले जाई.

याची कसोटी १९७४ च्या गिरणी संपात लागली. संप बेचाळीस दिवस चालला. पगार बंद, पण खानावळी बंद झाल्या नाहीत. कामगार संघटनेत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या ध्यानात आले की, संप जितका पुढाऱ्यांच्या भाषणांवर टिकला तितकाच या बायांच्या कर्जावर. गोवा मुक्तिसंग्रामात गोळी झेललेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि चौदा खानावळवाल्या बायांना बँक ऑफ बडोदाचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या जागी बँक आली, एवढाच हा बदल वरवर दिसतो. परंतु चुलीपाशी बसून केलेल्या कामाला व्यवसाय म्हणून कागदावर नाव मिळाले, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचा गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली आला, त्यात हे जग पुन्हा बोलू लागते. ललित साहित्यात मात्र खानावळ बहुधा विनोदापुरती येते. पातळ आमटी, कडक पोळी आणि तिरसट मालक यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसलो. त्या आमटीचे वाण्याचे बिल कोणी भरले, हे विचारले नाही. (आम्हीही वर्गात तो विनोद रंगवून शिकवला आहे.)

आता रहाटणीकडे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पवनेकाठची शेतीची गावे खोल्यांची गावे बनली. आज येथील विजेच्या खांबांवर 'कॉट बेसिस', 'घरगुती मेस', 'डबा पोहोच मिळेल' अशा पाट्या दिसतात. खान्देशी, वऱ्हाडी, कोल्हापुरी अशी विशेषणेही असतात. गिरणगावची खानावळ येथे 'मेस' या नावाने राहते. रांधणाऱ्या बऱ्याचदा बायाच.

मग आमच्या विद्यार्थ्याचे हाल का झाले? पहिले चार दिवस तो वडापावावर राहिला, कारण कोणती मेस बरी हे सांगणारे कोणी नव्हते. पाचव्या दिवशी एका ठिकाणी गेला, तर महिन्याचा दर सांगण्याआधी त्याला आडनाव विचारले गेले. आडनाव सांगितल्यावर जागा भरल्याचे कळले. पाटी मात्र पुढे महिनाभर तशीच लटकत होती. हे त्याने आम्हांला सात वर्षांनी सांगितले, तेही ओसाकाच्या काचेचे वर्णन करता करता. आम्ही त्या काळात त्याला प्रबंधलेखन शिकवत होतो.

सरकारनेही निनावी ताट वाढून पाहिले. १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, शहरात प्रत्येक थाळीमागे चाळीस रुपये शासनाचे. तेथे आडनाव कोणी विचारत नसे, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र थाळी दुपारच्या ठरलेल्या वेळेपुरती आणि ठरलेल्या संख्येपुरतीच होती. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नव्हता. आणि यंत्र असो वा शासन, उधारी कोणीच देत नाही. ओसाकात खिशात नाणी नसती तर त्या काचेने आमच्या विद्यार्थ्याला काही वाढले नसते, हेही त्यानेच हसत सांगितले.

शेवटी तो कोठे जेवला, हे आम्ही विचारले. गल्लीच्या टोकाला एक मावशी डबे करीत. पाटी नव्हती. नोकरीचा पहिला पगार दीड महिना लांबला, तोवर त्यांनी एका वहीत नुसते चपात्यांचे आकडे मांडून ठेवले होते. त्या मावशींचा दूरध्वनी क्रमांक आम्ही त्याच्याकडून लिहून घेतला. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, तेव्हा बाहेरगावची मुले आमच्याकडे अभ्यासक्रमाची चौकशी करायला येतात. यंदा हिंगोलीच्या एका मुलाला अभ्यासक्रमाआधी तो क्रमांक दिला. मावशींनी त्याला किती चपात्या लागतात ते विचारले, आणि डबा सकाळी हवा की रात्री.