धूळपाटीवरचा ओनामा

सौंसर-पांढुर्ण्याकडील जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर कधी कधी कागदांचा रुमाल सापडतो. भाषा आपलीच, परंतु लिपी मोडी. त्यामुळे घरातील कोणासही तो वाचता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी लेखणीवर उपजीविका करणाऱ्या घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला असे कागद वाचता यावेत, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे. ती विद्या त्याला कशी मिळत असेल?

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांचा. सरकारी शाळा तेव्हा नव्हत्या. गावात पंतोजी असल्यास मुले त्यांच्याकडे बसत; नसल्यास वडील किंवा आजोबा हेच गुरू. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे, मोठ्याने उच्चारायचे आणि हाताने पुसून पुन्हा गिरवायचे. आरंभ 'ओनामासिधं'ने होई. मूळ 'ॐ नमः सिद्धम्' हे वचन बालमुखी असे रुळले, की 'ओनामा' म्हणजे आरंभ हाच अर्थ मराठीत कायम झाला. हात बसला की बोरू आणि कित्ता. जोडीला पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतची पाठांतरे. कारण सारा, धान्य आणि व्याज यांचे हिशेब अपूर्णांकांतच चालत.

मुलाला लिप्या मात्र दोन शिकाव्या लागत. पोथी बाळबोधीत, व्यवहार मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात. शब्द सुटे नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळला जात नसे. म्हणून मोडी वाचणाऱ्याला अक्षराइतकाच मजकुराचा संदर्भ ठाऊक असावा लागे. हे ज्ञान कित्त्यातून मिळणारे नव्हते. वडिलांच्या शेजारी बसून, आलेले पत्र त्यांच्याबरोबर उलगडतानाच ते अंगी मुरे.

घरच्या शिक्षणाचे ठळक उदाहरण कोकणात सापडते. पोंभुर्ले येथील बाळ गंगाधर जांभेकर या मुलाने मराठी व संस्कृतचे पहिले पाठ आपल्या वडिलांकडून, गंगाधरशास्त्र्यांकडून, घरीच घेतले. पुढे १८२५ च्या सुमारास तो मुंबईस गेला आणि ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे मराठीतील पहिले वृत्तपत्र त्याच्या संपादनाखाली निघाले. त्या वेळी तो जेमतेम विशीतला होता. मराठी पत्रकारितेच्या आद्य पुरुषाचा पाया असा घराच्या ओटीवर घातला गेला.

तथापि या परंपरेचे गुणगान करताना तिचे कुंपणही सांगितले पाहिजे. घर हीच शाळा असली, की ज्या घरात अक्षर नाही तेथील मुलाला दारच उघडत नाही. कुणबी, कोष्टी, महार, गोंड अशा बहुसंख्य घरांची हीच स्थिती होती. मुली तर साक्षर घरातही बहुधा ऐकूनच शिकत. १८४० मध्ये विवाह होऊन आलेल्या सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनी घरीच लिहावाचावयास शिकविले. पुढे १८४८ मध्ये पुण्याच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. घरात मिळालेले अक्षर त्यांनी घराबाहेर नेले, हे त्यांचे मोठेपण.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. इथल्या पुष्कळ मुलांचे शालेय शिक्षण हिंदीतून होते. मराठी वाचन पुन्हा बरेचसे घरावर येऊन पडले आहे. सुदैव असे, की हिंदीची नागरी आणि मराठीची बाळबोध एकच. धूळपाटीची आता गरज नाही. मुलाला शेजारी बसवून रोज एक पान त्याच्याबरोबर वाचणारे कोणी घरात आहे का, एवढाच प्रश्न आहे. नाहीतर मोडीच्या रुमालाशेजारी उद्या आपली छापील पुस्तकेही माळ्यावर न वाचता पडून राहतील.