अलबेला: गोष्ट लंगडी, गाणी धावती

मंडळी, आधीच कबूल करतो, ‘अलबेला’ हा काही फार चांगला सिनेमा नाही. तरी मी तो सहा-सात वेळा पाहिलाय, आणि गेल्या रविवारी बाबांबरोबर पुन्हा पाहिला.

गोष्ट अशी: घरात गरिबी, बहिणीच्या लग्नाला पैसे नाहीत. स्वप्नाळू प्यारेलालला घर सोडावं लागतं. ‘मोठा कलाकार होऊनच परतेन’ म्हणतो आणि होतोही, फारसा घाम न गाळता! नाटक कंपनी काय मिळते, समोर गीता बाली काय येते! मग शेवटाकडे एकदम रडारड. पटकथा माझ्याकडे रिव्ह्यूला आली असती तर लाल शेरे मारून परत पाठवली असती. पण दर वीसेक मिनिटांनी गाणं सुरू होतं आणि आपले सगळे आक्षेप गळून पडतात.

साल १९५१. त्याच वर्षी ‘आवारा’ आला, ‘बाजी’ आला. त्यांच्या रांगेत ‘अलबेला’ चालवून दाखवला तो भगवान आबाजी पालव या गिरणी कामगाराच्या मुलानं. निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळं तोच. तोवर हा माणूस कमी पैशातले मारधाडीचे सिनेमे काढायचा, कामगार वस्तीतल्या थेटरांसाठी. सामाजिक सिनेमा काढ असं त्याला राज कपूरनं सुचवलं, असं सांगतात.

संगीत दिलं जुन्या दोस्तानं, पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरनं, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रनं. गीतं राजेंद्र कृष्ण यांची. भगवानसाठी बरीच गाणी अण्णांनी ‘चितळकर’ या नावानं स्वतःच गायली, सोबत लता. एकाच सिनेमात अंगाईसुद्धा आहे आणि बोंगोच्या तालावरचा धिंगाणासुद्धा. त्या धिंगाण्यामागे गोव्याचे लोक आहेत. हल्दोण्याचा ट्रंपेटवाला आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, अण्णांचा सहायक होता. एका गाण्यात तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. बाकी अशा वादकांची नावं पोस्टरवर सहसा यायची नाहीत. हॉटेलांतला जाझ हिंदी सिनेमात आणला यांनी, आणि शिट्ट्या मिळाल्या नायकाला!

आणि नाच? भगवानदादा नाचतो म्हणजे काय करतो, तर खांदे जरा हलवतो, हात पुढेमागे करतो आणि जवळजवळ जागेवरच चालतो. पुढे अमिताभनं हीच चाल उचलली. मला वाटतं, ती गाणी अंगात भिनतात याचं निम्मं कारण हेच आहे. तो नाच बघून ‘हे आपल्याला कुठलं जमायला’ असं कुणालाच वाटत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत पोट सुटलेले काका जे करतात ते याहून फार वेगळं नसतं.

पण हे यश भगवानदादांना पुन्हा जमलं नाही. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) हे तसलेच प्रयोग पडले. बंगला गेला, गाड्या गेल्या. पुढे गर्दीत दोन मिनिटं नाचायची कामं केली आणि २००२ मध्ये दादरला ते गेले. २०२० साली ‘लूडो’त ‘अलबेला’चं एक गाणं वाजलं तेव्हा ऑफिसातली पोरं विचारत होती, हे नवीन आहे का!

तर रविवारी बहिणीच्या लग्नाच्या पैशांचा प्रसंग आला तेव्हा मी नेहमीसारखा हसलो. बाबा हसले नाहीत. ते एका ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे, एवढं मला माहीत होतं. का सोडलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणाले, “तुझ्या आत्याचं लग्न ठरलं. बोंगो विकले, नोकरी धरली.” बस, एवढंच.

मी ज्या गोष्टीला लंगडी म्हणत होतो ती आमच्याच घरात घडली होती, फक्त नाटक कंपनीचा भाग वगळून. तो भाग खोटा आहे हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरीही पुढचं गाणं लागलं तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर सुरू झाली. एकही ठेका चुकला नाही.

पटकथेवरचे माझे लाल शेरे अजून कायम आहेत. पण पुढच्या शनिवारी बोंगो घ्यायला जायचंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.