अमरावतीचे दरवाजे

अमरावतीला जाणं आपल्याला नवीन नाही. दवाखाना, कोर्टाची तारीख, लग्नाचा बस्ता, पोरीची कॉलेजची अ‍ॅडमिशन, नाहीतर नवरात्रात अंबादेवीचं दर्शन. ऑटोवाल्याला आपण सरळ सांगतो, "जवाहर गेट." पण हे गेट कोणासाठी बांधलं होतं, ते आज सांगते.

दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात निजामाचा अंमल होता. पेंढाऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून यायच्या आणि गावं लुटून न्यायच्या. अमरावतीत तेव्हा कापसाचे मोठे व्यापारी बसले होते. त्यांच्या रक्षणासाठी १८०७ मध्ये शहराभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. त्याचा घेर सुमारे साडेतीन किलोमीटर आणि उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे ठेवले: अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट आणि महाजनपुरी गेट. शिवाय चार खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: पटेल, माता, छत्रपुरी आणि खूनारी. खूनारीजवळ मोठी मारामारी होऊन माणसं मेली, म्हणून तिला ते नाव पडलं, असं सांगतात.

या नावांकडे जरा लक्ष द्या. नागपुरी गेटातून नागपूरची वाट, खोलापुरी गेटातून खोलापूरची, आणि अंबागेटातून देवीकडे. आत सराफा, सक्करसाथ, धनराज लेन. मराठी, मारवाडी, गुजराती, मुसलमान, जैन अशी सगळी माणसं धंद्यासाठी शेजारीशेजारी राहिली. आजही त्या भागात एकाच गल्लीत वऱ्हाडी, हिंदी आणि उर्दू कानावर पडते.

हे सगळं उभं राहिलं कापसावर. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला पाठवला, असं जुन्या नोंदीत आहे. त्यानंतर दूरच्या अमेरिकेत युद्ध पेटलं. तिथे कापसाच्या मळ्यांत काळ्या लोकांना गुलाम करून राबवत होते. ती गुलामी ठेवायची की मोडायची, यावरून १८६१ ते १८६५ असं चार वर्षं देशातल्या देशात युद्ध झालं. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडेच होता. मग त्यांचे डोळे आपल्या काळ्या मातीकडे वळले. भाव कधी नव्हे इतके चढले, आणि युद्ध संपताच घसरलेही. पण वऱ्हाडाची गाठ जगाच्या बाजाराशी बांधली गेली, ती आजवर सुटली नाही. मुंबई-नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली आणि १८७१ मध्ये तिथून अमरावतीला फाटा आला. बैलांचे तांडे गेले, पेंढारी तर त्याच्या कितीतरी आधीच संपले होते. परकोट नुसता उरला.

आता माझा मुद्दा. कापूस विकणाऱ्याचं नाव गल्लीला आहे. कापूस वेचला कोणी? तिकडे गुलाम बायामाणसांनी, इकडे आपल्या आज्या-पणज्यांनी. बोटाला बोंडाची टोकं टोचत, कमरेला ओटी बांधून. त्यांचं नाव एकाही दरवाज्याला नाही. भिंत त्यांच्या कष्टावर उभी राहिली, पण ती त्यांच्यासाठी नव्हती.

दरवाजे नुसते दगडाचेही नसतात. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सर शंकरन नायर अध्यक्ष आणि आपले दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. देशभरचे पुढारी आले. पण त्यानंतर तीस वर्षांनीही याच शहरात अंबादेवीचं मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना बंद होतं. १९२७ मध्ये ते उघडावं म्हणून चळवळ झाली. तरुण पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. विहीर खुली होणं म्हणजे काय, हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईलाच कळतं.

१९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, ते घरच्यांनीही दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांसाठी. आणि हातात खराटा, डोक्यावर गाडगं घेऊन गावोगाव फिरलेल्या गाडगेबाबांची समाधी गाडगेनगरात आहे. शाळा न शिकलेल्या त्या माणसाचं नाव आज विद्यापीठाला आहे. माझ्या मते अमरावतीची मोठी ठिकाणं हीच. परकोटाने माणसं बाहेर ठेवली, यांनी आत घेतली.

आपल्या गटातल्या कितीतरी जणी पहिल्यांदा बँकेच्या दारात गेल्या, तेव्हा पायरीवरच थबकल्या होत्या. आज त्याच साहेबांसमोर बसून कर्जाचा हिशोब विचारतात. हाही दरवाजाच उघडला म्हणायचा.

पुढच्या वेळी अमरावतीला जाल तेव्हा पोरांना सोबत घ्या. अंबागेटापाशी थांबा, दगडाला हात लावू द्या आणि सांगा, "बाबू, ही भिंत कापसावर उभी आहे, आणि तो कापूस तुझ्या पणजीसारख्या बायांनी वेचला." एवढा इतिहास घरच्या घरी सांगता येतो. त्याला पुस्तक लागत नाही.