बर्लिनमधील दोन व्याख्यानमाला

विज्ञान लोकांपर्यंत कसे पोहोचले याचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या आधाराने लिहिला जातो. छापलेला शब्द टिकतो, म्हणून तोच इतिहासकाराच्या हाती लागतो. बोललेला शब्द विरून जातो. तथापि संशोधकाने स्वतःच्या तोंडाने लोकांशी बोलावे, ही प्रथाही जुनीच आहे. तिचा पल्ला आणि तिची किंमत पाहावयाची तर बर्लिन नगरीतील दोन मालांची ओळख करून घेणे इष्ट होईल. त्या दोहोंमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे.

अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट १८२७ साली पॅरिसचे दीर्घ वास्तव्य आटोपून बर्लिनला परतला. त्याच नोव्हेंबरात त्याने विद्यापीठात भौतिक भूगोलावर व्याख्याने आरंभिली आणि डिसेंबरात झिंग-अकादमी या गायनसंस्थेच्या सभागृहात दुसरी माला सुरू केली. ही दुसरी सर्वांस विनामूल्य खुली होती. राजापासून गवंडीकामाच्या मिस्त्रीपर्यंत सारे तेथे येतात, अशी तिची ख्याती झाली. स्त्रियाही मोठ्या संख्येने येत. प्रशियातील विद्यापीठांची दारे त्यांना रीतसर उघडली ती १९०८ मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे या सभागृहाचे मोल कळते. हेन्रिएटे कोलराउश या श्रोत्या बाईंची टिपणे आज उपलब्ध आहेत. हुम्बोल्टची व्याख्याने टिपून घेऊन छापावी, अशी प्रकाशक कोटा याची इच्छा होती. हुम्बोल्टने ती मानली नाही. व्यासपीठावरून बोललेले सारेच छापण्याजोगे नसते, हे तो जाणून होता. ‘कॉसमॉस’ त्याने निराळा लिहावयास घेतला आणि त्याचा पहिला खंड १८४५ साली निघाला. बोलणे आणि छापणे यांत सतरा वर्षे गेली!

पुढे नभोवाणी आली. बर्लिनहून नियमित ध्वनिक्षेपण १९२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. सभागृहाच्या भिंती गळून पडल्या. परंतु वेळेचे बंधन राहिले, आणि वेळ चुकली की भाषण हुकले. ते बंधन तोडले पॉडकास्टने. हा शब्द २००४ मध्ये प्रथम छापून आला. ध्वनिमुद्रित संभाषण महाजालावर ठेवावयाचे आणि श्रोत्याने ते आपल्या सवडीने, हवे तितक्यांदा ऐकावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. वस्तुतः मोठा बदल घडला तो लांबीत. नभोवाणीवर शास्त्रज्ञाला चार मिनिटे मिळत. येथे तो तासभर बोलू शकतो.

२६ फेब्रुवारी २०२० रोजी उत्तर जर्मन नभोवाणीने अशी एक माला सुरू केली. बोलणारे होते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील विषाणुशास्त्रज्ञ क्रिस्तिआन ड्रोस्टेन. २००३ मध्ये सार्सचा विषाणू ओळखणाऱ्यांपैकी ते एक. नव्या कोरोना विषाणूची चाचणीही त्यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये सिद्ध केली होती. प्रश्न विचारीत कोरिना हेनिग आणि त्यांच्या सहकारी. प्रारंभी आठवड्याचे पाचही दिवस सुमारे अर्धा तास हे संभाषण चाले. त्यात नाट्य नव्हते, पार्श्वसंगीताचा थाट नव्हता. हस्तलिखित निबंध आणि परीक्षकांनी तपासलेला निबंध यांत फरक काय, एखाद्या आकड्यावर किती विसंबावे, असलेच विषय. आणि अधूनमधून, ‘हे आम्हांस अद्याप ठाऊक नाही’ अशी कबुली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. शाळा बंद कराव्या की नाही याविषयी ड्रोस्टेन साशंक होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत अमेरिकी शहरांनी योजलेल्या उपायांवरचा २००७ सालचा निबंध त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी श्रोत्यांसमक्ष आपले मत बदलले. १३ मार्च रोजी बहुतेक जर्मन राज्यांनी शाळा बंद करण्याचे ठरविले. फळ्यावरील उदाहरण पुसून नव्याने मांडणाऱ्या शिक्षकाला वर्ग हसत नाही, कारण वर्गाने सारी रीत पाहिलेली असते. वृत्तपत्रांनी मात्र केवळ उत्तरे उचलली आणि हा गृहस्थ आज एक, उद्या दुसरे सांगतो, असे म्हणावयास सुरुवात केली. ३० मार्चच्या भागात ड्रोस्टेन उघडपणे चिडले. शास्त्रज्ञांची व्यंगचित्रे रंगविणे थांबले नाही, तर विज्ञानाला या व्यवहारातून माघार घ्यावी लागेल, असे ते म्हणाले.

मे महिन्यात ‘बिल्ड’ या खपाच्या वृत्तपत्राने मुलांमधील विषाणूच्या प्रमाणाविषयीचा त्यांचा निबंध ढोबळ चुकीचा ठरविला. उत्तरासाठी त्यांना एका तासाची मुदत दिली होती. निबंधातील संख्याशास्त्रावर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतले होते हे खरे, आणि ते अगदीच निराधार नव्हते. पुढच्या आवृत्तीत पद्धत सुधारली गेली, मूळ निष्कर्ष कायम राहिला. परंतु ज्यांच्या नावावर बातमी उभारली, त्या तज्ज्ञांनीच तिच्यापासून अंग काढून घेतले. सप्टेंबरात जर्मन वृत्तपत्र परिषदेने ‘बिल्ड’ला जाहीर ठपका दिला.

माला थांबली नाही. त्या सप्टेंबरापासून फ्रांकफुर्टच्या सांड्रा चीझेक या विषाणुशास्त्रज्ञ बाई आळीपाळीने बोलू लागल्या, भाग लांबत तासाच्या पुढे गेले, आणि शंभराहून अधिक भागांनंतर मार्च २०२२ मध्ये नियमित क्रम संपला. हुम्बोल्टने नाकारलेली गोष्ट येथे पहिल्यापासून झाली होती: प्रत्येक भागाचे शब्दशः टिपण नभोवाणी प्रसिद्ध करीत असे. त्यामुळे ड्रोस्टेन यांनी शाळांविषयी आधी काय म्हटले आणि नंतर कोणत्या कारणाने काय म्हटले, हे आज तारीखवार वाचावयास मिळते.